गुरुवारची हाक

१

आमच्या यांना मी कधी नावाने हाक मारली नाही. तसं कुणी अडवलं नव्हतं. आई वडिलांना "अहो" म्हणायची, तेच माझ्या तोंडात बसलं. धाकटी जाऊ चिडवायची, "ताई, भर बाजारात 'अहो' म्हणून बघा, निम्मा बाजार वळेल." मी म्हणायची, "वळू दे गं. आमचा बरोबर ओळखतो."

आणि हे ओळखायचेच. हे तंतुवाद्यं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. कान असा तयार, की मी आत कढईवर उलथनं आपटलं तरी बाहेरून त्याचा सूर सांगायचे. "तुझ्या 'अहो'तला 'हो' जरा चढा लागतो," म्हणायचे. "हजार बायकांत ओळखीन."

मागच्या वर्षी साधा ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आतल्या नसाच गेल्या, आशा धरू नका. कानात घालायचं मशीन आणलं. यांनी ते लावून पाहिलं आणि परत डबीत ठेवून दिलं. "पत्र्यावर रेती ओततायत असं वाटतं," म्हणाले. तेव्हापासून हे वाद्याच्या लाकडाला हनुवटी टेकवून तार लावतात. हाडातून जे काय पोचतं, तेवढ्यावर. गिऱ्हाइकं भिडेखातर "छान झालंय" म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत. भीड यांना त्यांच्या ओठांवरूनही कळते.

मी बाई काय करणार? मी गुरुवारचं मौन धरलं. झोपेतून उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत शब्द काढायचा नाही. देवापुढे हात जोडून म्हटलं, माझा आवाज तू घे, पण यांना ऐकू दे.

यांना सांगितलं तेव्हा हसले. "इतकी वर्षं देवाकडे शांतता मागत होतो. दिली, पण एकदम घाऊक दिली. आता तू आणखी गप्प बसून काय करणार?"

एक सवय मात्र माझी सुटली नाही. ऐकू येत नाही हे माहीत असूनही मी आधी "अहो" म्हणायची आणि मगच खांद्याला हात लावायची.

२

लेकीने दोघांची तिकिटं काढून पाठवली. "बाबांनी जन्मभर त्या गावाच्या गोष्टी सांगितल्या. आता निदान डोळ्यांनी तरी बघू देत," म्हणाली. ज्या शहरातून यांच्या गुरूंकडे वाद्यं यायची, ते शहर. तिथल्या सभागृहात रंगमंचावर कुणी कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं, अशी त्याची ख्याती.

शहर खरंच गाण्याचं होतं. गल्लीगल्लीत वाद्यांची दुकानं. रंग न लावलेल्या व्हायोलिनच्या पाठी तारेवर चड्ड्या-बनियन वाळत घालावेत तशा टांगलेल्या. वरच्या खिडकीतून कुणीतरी एकच ओळ घोटत बसलेलं. तिथेच चुकायचं, पुन्हा तिथूनच सुरू करायचं. हे त्या सगळ्यातून असे चालत होते, जसं पथ्यावर असलेलं माणूस मिठाईच्या दुकानासमोरून जातं.

आम्ही उतरलो ते घर पूर्वी गायनशाळा होतं. आता मालकीणबाई खोल्या भाड्याने देत. आमच्या खोलीला चारही बाजूंनी लाकडी फळ्यांचं अस्तर होतं, आणि एका भिंतीत फळ्यांचंच कपाट. मालकीणबाई गोल गरगरीत, बोलघेवड्या. किल्ली हातावर ठेवत म्हणाल्या, "जपून बोला हं. इतरांच्या भिंतींना कान असतात. आमच्या भिंतींना गळाही आहे." आणि स्वतःच खळखळून हसल्या. येईल त्या पाहुण्याला हाच विनोद सांगत असणार. मीही हसले.

खोलीत आल्याबरोबर मी डब्यातले देव काढले, खिडकीशी मांडले. हे फळ्यांवर हात फिरवत होते. "काय लाकूड आहे! वाळवलंय कसं बघ. हे लाकूड नाही, वाद्यच आहे. आपण वाद्याच्या पोटात राहतोय."

मला ते शब्द आवडले नाहीत. पण यांचा चेहरा इतक्या महिन्यांनी उजळला होता, म्हणून मी देवांना हळदकुंकू वाहत राहिले.

३

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी मी पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हे न्हाणीघरात दाढी करत होते, नळ सुरू होता. दार उघडलं. अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा.

"काय गं? हाक मारलीस?"

माझ्या हातातला सदरा तसाच राहिला.

"मारलीस ना? 'अहो' म्हणालीस. ऐकलं मी." हे वस्तरा घेऊनच पुढे आले. "अगं, ऐकलं! तो चढा 'हो'सुद्धा!"

मी मान हलवली. नाही, मी नाही. बोट ओठांवर ठेवून दाखवलं, आज गुरुवार.

"राहू दे," हे डोळे पुसत म्हणाले. फेस डोळ्यात गेला. "मौन मोडलंस म्हणून देव काही रागावत नाही. त्याने तर बक्षीस दिलं!"

मी उठून यांना धरलं. आम्ही दोघंही रडलो, आणि माझ्या केसांना साबण लागला. खरं सांगते, त्या क्षणी मला शंका आली नाही. वाटलं, मालकीणबाईंनी जिन्यातून कुणाला तरी हाक मारली असेल, ती यांच्या कानी पडली असेल, आणि इतक्या दिवसांनी पहिला आवाज ऐकल्यावर माणसाला आपल्याच बायकोचा वाटणार. व्रत फळाला आलं, बस्स.

दिवसभरात यांना तीनचारदा तशी हाक ऐकू आली. प्रत्येक वेळी मी समोर, तोंड मिटून. हे मिस्कीलपणे बोट नाचवत म्हणायचे, "चोरून बोलतेस! मी पाठ वळवली की बोलतेस!"

दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावला. हे खिडकीतून रस्ता बघत उभे होते, माझ्याकडे पाठ. मी मौन सोडलं, आणि आनंदाने पहिला शब्द काढला.

"अहो."

हे वळले नाहीत.

"अहो, ऐकलंत का?" मी मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. खालून मालकीणबाईंनी विचारलं, "काही हवंय का?" म्हणजे आवाज जिन्याखाली पोचला होता. चार पावलांवर उभ्या माझ्या माणसाला पोचला नव्हता.

आणि मग हे वळले. माझ्याकडे नाही, कपाटाकडे. हसून म्हणाले, "हो, लावतो."

आणि खिडकी लावली.

४

मी मनाला समजावलं. आजारातून उठलेल्या कानाला दिशा कळत नसेल. जवळचं न ऐकता लांबचं ऐकू येत असेल, डोळ्यांचं नाही का तसं होत? पण मी खिडकी लावा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत गेलो. एका म्हाताऱ्या कारागिराने यांच्या कानाशी व्हायोलिन वाजवलं. यांनी मान हलवली. काही नाही. घंटा वाजवली, काही नाही. रस्त्यावर गाडीवाल्याने आमच्या मागे कर्णा वाजवला, मी उडाले, हे आपले चालतच.

"फक्त तुझा," यांनी माझा हात धरला. "जगातल्या सगळ्या आवाजांतून देवाने तुझाच तेवढा निवडला. किती बारीक हिशेब असतो बघ त्याचा."

आता सांगा, यावर मी काय बोलणार होते? ज्या गोष्टीसाठी मी गुरुवारामागून गुरुवार धरले, ती यांच्या चेहऱ्यावर होती. तोंड उघडून म्हणायचं, तो आवाज माझा नाही? कुणाच्या हातून घास काढून घ्यावा तसं झालं असतं. मी हसले आणि रात्री पुरतं जेवले नाही.

खोलीत हे गप्पा मारायचे. मी पलंगावर, आणि हे कपाटाकडे तोंड करून. "बरोबर बोललीस." "हो गं, आठवतं ना, तो निळा सदरा." आम्हा दोघांतच असलेल्या गोष्टी. मी समोर जाऊन उभी राहिले की गोंधळायचे, जसं टेलिफोनवर बोलताना मध्येच कुणी खांद्याला हात लावावा.

एकदा हे अंघोळीला गेले तेव्हा मी कपाट उघडलं. आत आमची बॅग, दोन खुंट्या, वाळल्या लाकडाचा वास. मागची फळी ठोकून पाहिली, पलीकडे भिंत. मग मला यांची युक्ती आठवली. मी हनुवटी फळीला टेकवली आणि डोळे मिटले.

लाकूड थरथरलं. एक आखूड थरथर, मग एक लांब. लांब होती ती शेवटी किंचित चढली.

न्हाणीघरातून यांचा आवाज आला, "आलो, आलो. टॉवेल गुंडाळू दे!"

नळांत पाणी शिरलं की जुनी घरं थरथरतात. मी हे स्वतःला कितीदा तरी सांगितलं.

५

परतायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरायला घेतली, तर यांनी माझ्या हातातून कपडे काढून परत कपाटात ठेवले.

"आता हे काय? तूच म्हणालीस ना, इथेच राहू म्हणून?"

मी यांच्यासमोर बसले. एकेक शब्द ओठांवर नीट आणून म्हटलं, "मी असं म्हटलं नाही."

"सकाळी म्हणालीस. म्हणालीस, घरी गेलो तर हे ऐकू येणं जाईल. इथे एखादी खोली घेऊ, दुकान टाकू."

"मी नाही. तो आवाज माझा नाही हो. मी बोलते तेव्हा तुम्हाला ऐकू येत नाही. आत्ता येतंय का?"

यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि चेहरा मऊ झाला, कुणी समजूत घालावी तसा.

"बघ," हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच म्हणतेयस, दमले आहे मी, माझं मनावर घेऊ नका."

संसारात बाईला सवत येते असं ऐकलंय. पण ती आपल्याच आवाजात येऊन आपलीच बाजू घेऊन बोलते, असं कधी ऐकलं नव्हतं.

मी देवापुढे बसले. म्हटलं, यांचे कान नकोत मला, माणूस परत दे. मग लाज वाटली. मागितलेलं दान असं तोंडावर परत करतात का? उद्या गुरुवार आहे, नीट पाळते, तू मार्ग दाखवशील. आशा सोडायची नाही, एवढंच मला येतं.

६

सभागृह बघायचं शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. संध्याकाळची गाडी होती. मी कशीबशी खुणांनी यांना पटवलं, निदान बॅग तरी खाली मालकीणबाईंकडे ठेवू. हे म्हणाले, "बरं, बघू." गुरुवार, त्यामुळे माझं तोंड बंद.

दुपारची वेळ. बाहेर लख्ख ऊन, आत पिवळे दिवे. बघायला आलेल्यांचा पंधरावीस जणांचा घोळका, आणि माहिती सांगणारा एक हसरा तरुण गृहस्थ. त्याने आम्हाला शेवटच्या रांगेत उभं केलं, आपण रंगमंचावर गेला, आणि तिथून कुजबुजला, "मागच्या काकूंनी चप्पल काढली वाटतं." सगळे हसले. मी खरंच काढली होती.

"इथे शब्द सगळीकडे पोचतो," तो म्हणाला, "पण परत येत नाही. प्रतिध्वनी अजिबात नाही. तेच तर या लाकडाचं कसब."

मी हे कुठे आहेत म्हणून बाजूला पाहिलं. बाजूला नव्हते.

हे मधल्या वाटेने रंगमंचाकडे चालले होते. मान जरा कलती, चेहऱ्यावर तेच हसू. पायऱ्या चढले. माहितीवाला मागे सरकला. त्याला वाटलं असेल, हौशी माणूस आहे. रंगमंचाच्या मागची भिंत उभ्या फळ्यांची होती, आमच्या खोलीसारखीच. त्यातली एक फळी किंचित उघडी होती, हात शिरेल एवढी. आत अंधार.

"आलो, आलो," हे म्हणाले. ते शेवटच्या रांगेत अगदी कानाशी ऐकू आलं.

घेतला वसा टाकू नये, हे मला माहीत आहे. मी टाकला.

"अहो!"

चारपाच पुरुष वळले. कुणाचे तरी वडील, कुणाचे नवरे. ज्याला हाक मारली तो सोडून सगळे. धाकटी जाऊ म्हणायची ते खरं होतं. ती हाक कुणाचीही होती.

आणि त्याच वेळी मी तो आवाज पहिल्यांदा कानांनी ऐकला. फळीआडून. "अहो." माझाच. पण माझ्या लग्नाच्या वेळचा. दमणूक नसलेला, स्वयंपाकघरातला धूर न शिरलेला. त्यावर मीसुद्धा ओ दिली असती.

यांनी फळीला हात लावला.

तेव्हा मी यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे-मागे काही नाही. माझ्या तोंडून ते इतकं अनोळखी निघालं, की मलाच वाटलं, कोण बोललं.

हे थांबले. वळले. कानाशी हात नेला आणि सबंध रिकाम्या खुर्च्यांवरून सरळ माझ्याकडे पाहिलं. ते ऐकून वळले की पायांखालच्या फळ्या हलल्या म्हणून, मला अजून ठाऊक नाही. पण वळले.

यांच्या मागे, फळीच्या कडेवर, आतल्या बाजूने बोटं होती. ओली. भांडी घासता घासता मध्येच उठून आल्यावर असतात तशी. ती सावकाश आत गेली आणि फळी बंद झाली, अगदी अलगद, घरात कुणी झोपलं असताना आपण दार ओढून घेतो तशी.

मी धावत जाऊन यांचा हात धरला. तेवढ्यात नाव परत आलं. हळू, एकदाच. आधी अर्धं, मग पूर्ण.

मी मनात म्हटलं, प्रतिध्वनी.

गाडीत बसल्यावर, खूप वेळाने, मला माहितीवाल्याचं बोलणं आठवलं.

७

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. यांना पुन्हा काही ऐकू येत नाही. सुरुवातीला हे उदास होते, माझ्याशी थोडे रागावलेही होते. "आपण राहायला हवं होतं," म्हणायचे. मग दुकान उघडलं. एका शाळेने वाद्यं दुरुस्तीला पाठवली, आणि हनुवटीने लावलेली तार बरी लागली म्हणून कळवलं. त्या दिवशी यांनी मला गजरा आणला. देव ऐकतो. त्याच्या रीतीने, पण ऐकतो, असं मी अजून मानते.

मौन मात्र मी सोडलं. आता उलटा नेम धरलाय, बोलायचा. सकाळपासून तोंड चालू. स्तोत्र, भाजीवालीशी भांडण, भिंतीशी, भांड्यांशी, काही ना काही. धाकटी जाऊ म्हणते, "ताई, तुमचा रेडिओ झालाय." म्हणू दे. घरात माझा आवाज चालू असेपर्यंत त्याची जागा रिकामी पडत नाही, असं मला वाटतं. वेडेपणा असेल. पण कुठलं व्रत थोडं वेडं नसतं?

आज सकाळी उठले तर घसा बसला होता. इतकं बोलून बोलून बसणारच. मिठाच्या गुळण्या केल्या, हळद घेतली. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. स्तोत्र नुसतं मनात म्हटलं. आज गुरुवार आहे, हे नंतर लक्षात आलं.

चहा घेऊन मी पुढच्या खोलीत गेले. हे माझ्याकडे पाठ करून बसले होते, हनुवटी व्हायोलिनवर, खुंटी पिळत. मी सवयीने "अहो" म्हणायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

यांनी मान वर केली. हात थांबला. खुंटी सुटली आणि तार उलगडत गेली, तिच्याकडे यांचं लक्षही नव्हतं. हे हळूहळू वळले. माझ्याकडे नाही, मी डाव्या हाताला होते. स्वयंपाकघराकडे.

यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतलं.

"अरे वा," हे म्हणाले. "आज चक्क नावाने?"

मी कप सोडला. तो फुटला, चहा यांच्या पायांवर उडाला. यांनी खाली पाहिलं नाही. व्हायोलिन जपून बाजूला ठेवलं आणि उठले.

"आलो गं."